एल पासोत घर, हुआरेझमध्ये कारखाना: धोका कुठे आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या वायरिंग हार्नेस बनवणाऱ्या कंपनीतून टेक्सासमधल्या एल पासोला एल-१ व्हिसावर (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) बदली होते आहे. बरोबर पत्नी, तेरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. आठवड्यातून तीन दिवस नदीपलीकडे, मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझच्या कारखान्यात जावं लागेल. हुआरेझचं नाव गूगलवर टाकल्यावर जे समोर आलं त्याने आईवडील आणि सासूसासरे हादरलेत, आणि तुम्ही विचारताय की अशा शहराच्या शेजारी मुलाबाळांना घेऊन राहावं का. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कारखान्यांसाठी कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं नियोजन करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. कुटुंबाने एल पासोत राहणं हा एक, आणि तुम्ही नियमित पूल ओलांडून कामाला जाणं हा दुसरा. घरचे नकाशा बघतात, दोन्ही शहरं एकाच बोटाखाली येतात आणि दोन्हींची भीती एकच होऊन बसते. पहिल्याचं माझं उत्तर 'हो, बिनधास्त राहा' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर कारखाना शहराच्या कुठल्या भागात आहे, शिफ्ट किती वाजता सुटते, तुम्ही कशाने जाता आणि तिथे तुमच्या हातात कसले निर्णय असतील यावर ठरेल. घर नदीपासून किती किलोमीटरवर आहे याला मी फारसं महत्त्व देत नाही. माणूस महिन्यातून किती वेळा, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि काय म्हणून पलीकडे जातो, हे मी आधी विचारतो.

आता आकडे. सगळ्यात वाईट वर्ष घेऊ, २०१०. त्या वर्षी हुआरेझमध्ये तीन हजारांहून जास्त खून झाले. लोकसंख्या होती सुमारे १३.३ लाख, म्हणजे दर लाखामागे सव्वादोनशेच्या वर. त्याच वर्षी साडेसहा लाख वस्तीच्या एल पासोत खून झाले पाच. लाखामागे एकसुद्धा नाही, आणि तेव्हा अख्ख्या अमेरिकेची सरासरी लाखामागे ४.८ होती. पुढे हुआरेझ शांत होत गेलं, २०१५ पर्यंत वर्षाचा आकडा तीनशेच्या आसपास आला. २०१८ पासून तो परत हजाराच्या वर चढला. पलीकडे दहापट चढउतार झाला तरी एल पासोचा आकडा त्या तालावर हलला नाही. हिंसा नदी ओलांडून सांडत असती तर २०१० मध्येच दिसली असती.

असं का, हे समजलं की आकड्यांवर विश्वास बसतो. हुआरेझमधली मारामारी मुख्यतः अमली पदार्थांचा माल जाण्याच्या वाटेवर आणि शहरातल्या किरकोळ विक्रीवर ताबा कोणाचा यासाठी आहे. हुआरेझ कार्टेल आणि तिची ला लिनेआ ही सशस्त्र शाखा, सिनालोआ कार्टेल, बार्रिओ अस्तेका, मेक्सिक्लेस, आर्तिस्तास आसेसिनोस या टोळ्यांची ती लढाई आहे. तिथे खून पचतो, कारण बहुसंख्य प्रकरणांत कोणाला शिक्षाच होत नाही. एल पासोत हिशेब उलटा आहे. फोर्ट ब्लिससारखा अवाढव्य लष्करी तळ, सीमा गस्त, एफबीआय, अमली पदार्थविरोधी खात्याचं गुप्तवार्ता केंद्र, सगळं याच शहरात. अलीकडची बाजू टोळ्यांना माल उतरवायला, साठवायला आणि पैसा फिरवायला हवी असते, आणि एक गोळीबार झाला की ते सगळं बंद पडतं. ही शांतता त्यांच्या धंद्याच्या सोयीची आहे, हे मी लपवत नाही. पण इतकी वर्षं ती टिकली आहे.

अपवाद आहेत, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत. जून २०१० मध्ये हुआरेझमधल्या चकमकीतल्या गोळ्या एल पासोच्या तेव्हाच्या सिटी हॉलच्या इमारतीला लागल्या, ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या बेल हॉलमध्ये एक शिरली. फेब्रुवारी २०१२ मध्ये डाउनटाउनमध्ये चालणाऱ्या एका बाईच्या पायाला पलीकडून आलेली गोळी लागली. ही सगळी ठिकाणं नदीलगतच्या चिंचोळ्या पट्ट्यातली. दुसऱ्या प्रकारचे अपवाद म्हणजे ठरवून केलेले हल्ले. मे २००९ मध्ये एकाला एल पासोतल्या त्याच्या घरासमोर मारलं; तो हुआरेझ कार्टेलमधला होता आणि अमेरिकन यंत्रणेचा खबऱ्याही. त्याच सप्टेंबरमध्ये जवळच्या होरायझन सिटीतून एकाला उचललं आणि त्याचं प्रेत हुआरेझमध्ये सापडलं. कारण होतं पकडली गेलेली गांजाची खेप. दोन्ही माणसं त्या व्यवहारात गुंतलेली होती. वायरिंग हार्नेसच्या इंजिनिअरच्या कुटुंबाचा या यादीशी संबंध येत नाही.

एल पासोच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत भीषण प्रकार सीमेपलीकडून आलाच नाही. ३ ऑगस्ट २०१९ रोजी सिएलो व्हिस्टाजवळच्या वॉलमार्टमध्ये डॅलसजवळच्या गावातून गाडी चालवत आलेल्या एका गोऱ्या तरुणाने लॅटिनो लोकांना लक्ष्य करून गोळीबार केला. तेवीस माणसं गेली. आपल्या वर्णाची माणसं त्या गर्दीत वेगळी ओळखू येत नाहीत, म्हणून हा धोका तुमच्या यादीत हवा. पण तो सीमेचा धोका नव्हे. अमेरिकेत कुठेही राहिलात तरी तो बरोबर येतो.

एल पासोत रोजचा खरा धोका रस्त्याचा आहे. बहुतेक वर्षी तिथे खुनांपेक्षा रस्त्यावरच्या अपघातांत कितीतरी जास्त माणसं जातात. आय-१० महामार्गावर ट्रकची रांग, मध्येच सीमा गस्तीचा किंवा राज्य पोलिसांचा पाठलाग. मागून दिव्यांचा झगमगाट आला तर उजवीकडे सरकून वेग कमी करा, पळणाऱ्या गाडीच्या पुढे निघायचा प्रयत्न करू नका. वसंतात धुळीची वादळं येतात. समोरचं दिसेनासं झालं तर रस्ता सोडून पूर्ण बाहेर थांबा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू ठेवले तर मागचा ड्रायव्हर तुमच्याच दिव्यांमागे येतो आणि धडकतो. शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यात लॉर्ड्सबर्गजवळ असे साखळी अपघात झालेत. उन्हाळाही हलका नाही: २०२३ मध्ये सलग ४४ दिवस पारा शंभर फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ३८ सेल्सिअसला पोचला किंवा त्याच्या वर गेला. आणि नदीकाठचे सिंचनाचे काँक्रीटचे कालवे. हंगामात पाण्याला जबर ओढ असते, कडा गुळगुळीत, आत पडलेला पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. मुलांना पहिल्याच आठवड्यात ते लांबून दाखवा आणि कुंपणापलीकडे जायचं नाही हे बजावून ठेवा.

घराचं लवकर उरकतो. वेस्टसाइड आणि ईस्टसाइड, दोन्हीकडे कंपन्यांचे लोक मोठ्या संख्येने राहतात. निवड शाळा आणि तुमचा पूल यांवरून करा. पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नकाशावर तो भाग बघा आणि घर ठरवण्याआधी रात्री दहाला एकदा, सकाळी सहाला एकदा त्या गल्लीतून जाऊन या. भाड्याचं घर असेल तर टेक्सासच्या कायद्याने घरमालकाने बाहेरच्या प्रत्येक दाराला आतून लागणारी किल्लीविरहित कडी आणि बाहेर बघायचं भिंग, खिडक्यांना खिट्ट्या आणि सरकत्या काचेच्या दाराला पिन, शिवाय हँडलची खिट्टी किंवा आडवी दांडी द्यायलाच हवी. नवा भाडेकरू आल्यावर सात दिवसांत कुलपं बदलून घेण्याचीही तरतूद आहे. बरेच जण हे मागतच नाहीत. तुम्ही लेखी मागा.

कोणीतरी सुचवेल की सीमेवर राहायचं तर सत्तर किलोमीटर उत्तरेला, न्यू मेक्सिकोतल्या लास क्रूसेसला राहा. मला हा सल्ला पटत नाही. हिंसक गुन्ह्यांच्या दरात न्यू मेक्सिको अमेरिकेतल्या वरच्या राज्यांत मोडतं, शिवाय रोजचा दोन वेळचा आय-१० चा प्रवास वाढतो. एका काल्पनिक धोक्यापासून लांब जायला तुम्ही खऱ्या धोक्यात रोज दीड तास जास्त घालवाल. असाच दुसरा सल्ला बंदूक घेण्याचा मिळेल. तुमच्यासारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. तो विषय तिथेच संपवा. मुलं ज्या मित्रांकडे खेळायला जातील त्यांच्या आईवडिलांना मात्र 'घरात बंदूक आहे का, कुलपात असते का' असं मोकळेपणाने विचारा. टेक्सासमध्ये हा प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानत नाहीत.

मुलांपैकी मला काळजी सहा वर्षांच्या मुलीपेक्षा तेरा वर्षांच्या मुलाची जास्त वाटते. कारण पुढच्या तीन-चार वर्षांत तो गाडी चालवायला लागेल. समाजमाध्यमांवर एल पासोतल्या पोरांना 'गाडी घेऊन अमुक ठिकाणी ये, तीनचार माणसं उचलून सोड, रोख पैसे मिळतील' असे निरोप येतात. ही माणसांची तस्करी असते, आणि पकडला गेल्यावर पोरगं एकटंच अडकतं. व्हिसावर असलेल्या मुलासाठी त्याचा शेवट देश सोडण्यात होऊ शकतो. दुसरं म्हणजे नकली गोळ्या: ऑक्सिकोडोन या वेदनाशामकासारख्या दिसणाऱ्या, 'एम ३०' असा शिक्का असलेल्या निळ्या गोळ्यांत फेंटानिल हे अतितीव्र अमली द्रव्य असतं आणि एकच गोळी जीव घेऊ शकते. डोकं दुखतंय म्हणून मित्राने दिलेली गोळीसुद्धा घ्यायची नाही, हा नियम घरात आत्ताच लागू करा.

तिसरी गोष्ट पालकांच्या लक्षातच येत नाही. मुलांच्या वर्गात हुआरेझमधून रोज पूल ओलांडून येणारी मुलं असतील, मैत्री होईल आणि तिकडच्या वाढदिवसाचं आमंत्रण येईल. माणसं प्रेमळ असतात, आमंत्रण मनापासूनचं असतं. तरीही सुरुवातीचं वर्षभर मुलांनी कामाशिवाय पलीकडे जायचं नाही आणि दुसऱ्यांच्या गाडीतून तर नाहीच, असं ठरवा. मार्च २०१० मध्ये अमेरिकन वकिलातीशी संबंधित तीन माणसं मुलांच्या वाढदिवसाच्या समारंभातून परतताना भरदिवसा मारली गेली. आजची परिस्थिती २०१० सारखी नाही, पण मुलांना तिकडे न्यायला कारणच लागत नसेल तर धोका पत्करायचा कशाला? मित्राला तुमच्याकडे बोलवा, पोळीभाजी खायला घाला.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण लोक सर्वाधिक अडकतात ते इथेच. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी नागरिकाने आपला नोंदणीचा कागद, तुमच्या बाबतीत आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद), कायम जवळ ठेवायचा असतो. एल पासोतून बाहेर पडणाऱ्या जवळपास प्रत्येक रस्त्यावर सीमा गस्तीचा नाका आहे: पूर्वेला आय-१० वर सिएरा ब्लांका, उत्तरेला आय-२५ वर लास क्रूसेसच्या पुढे. व्हाइट सँड्स बघून परततानाही नाका लागू शकतो. तिथे पासपोर्ट घरी विसरलेलं कुटुंब तासन्‌तास बसतं. आय-९४ ची छापील प्रत प्रत्येकाच्या पासपोर्टात ठेवा आणि बाहेरगावी निघताना पासपोर्ट बरोबर घ्या.

आणि चुकून मेक्सिकोत जाणं ही इथली अगदी नेहमीची घटना आहे. आय-१० वरून यूएस-५४ ने दक्षिणेला ब्रिज ऑफ द अमेरिकाजकडे जाणारी मार्गिका नवख्याला कळायच्या आत पुलावर नेऊन सोडते. मेक्सिकोआधीचा शेवटचा एक्झिट अशी पाटी दिसली की कितीही हॉर्न वाजले तरी बाहेर पडा. चुकलातच तर पुलावर गाडी उलटी फिरवू नका. पलीकडच्या अधिकाऱ्याला चुकून आलो असं सांगा, वळून परतीच्या रांगेत लागा. परतताना अमेरिकेत नव्याने प्रवेश करावा लागतो, म्हणून पत्नीला गाडी चालवायला देण्याआधी तो फाटा दिवसाउजेडी एकदा दाखवून आणा.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला आणि फक्त मंजुरीचा कागद चालू असेल तर लागतो. स्टॅम्प संपला तरी आय-९४ चालू असल्यास मेक्सिकोत तीस दिवसांच्या आत राहून अमेरिकेत परतता येतं, पण त्या दरम्यान नव्या व्हिसासाठी अर्ज केला असेल तर ही सोय मिळत नाही. म्हणजे स्टॅम्पची मुदत संपायच्या सहा महिने आधी कंपनीला हलवा. पूर्वी अनेक भारतीय हुआरेझच्या अमेरिकन वकिलातीतच स्टॅम्पिंग करून घेत. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने अर्ज आपापल्या किंवा राहत्या देशातच करायला सांगितलं आहे, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

आता तुमचं पलीकडे जाणं. बदली स्वीकारण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या. मेक्सिकोच्या कायद्यानुसार तुम्ही तिथे व्यावसायिक भेटीवर आहात की नोकरीवर. दुसरं असेल तर वेगळा परवाना लागतो आणि तो काढणं कंपनीचं काम आहे. ने-आण कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर करणार की तुमची गाडी. आपत्कालीन वैद्यकीय मदत आणि अपहरणाचा विमा आहे का. आणि आज पूल ओलांडायचा नाही हा निर्णय कोण घेतो, आणि तुम्ही स्वतः तो घेतलात तर पगार किंवा मूल्यांकनावर परिणाम होणार नाही याची हमी. चौथ्या मुद्द्यावर कंपनी टाळाटाळ करू लागली तर मी स्वतः ती बदली नाकारेन. वाईट दिवशी साहेबाच्या फोनची वाट बघत गाडी चालवणारा माणूस सर्वांत असुरक्षित असतो.

कारखाना कुठे आहे यावर फार काही अवलंबून आहे. पुलांजवळच्या बेर्मूदेझसारख्या जुन्या औद्योगिक वसाहतीत असेल तर गर्दीच्या मुख्य रस्त्यांवरून थोड्या वेळात पोचता. शहराच्या पश्चिमेला सान हेरोनिमोला असेल तर न्यू मेक्सिकोतल्या सांता तेरेसा नाक्यावरून शहरात न शिरताच जाता येतं. फक्त तो नाका चोवीस तास उघडा नसतो, तेव्हा उशीर झाला तर शहरातून परतावं लागेल. आग्नेयेला व्हाये दे हुआरेझच्या दिशेने, ग्वादालुपे आणि प्राक्सेदिस गावांकडे काम निघालं तर जाऊ नका. तो पट्टा वर्षानुवर्षं टोळ्यांच्या लढाईत भाजून निघाला आहे. अमेरिकन सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना हुआरेझच्या कोणत्या भागात जायला परवानगी देतं, ती हद्द त्यांच्या प्रवाससूचनेत रस्त्यांच्या नावांनिशी लिहिलेली असते. ती छापून घ्या, त्यावर कारखान्याची जागा टाका. सूचना बदलते, म्हणून दर महिन्याला नव्याने वाचा. चिवावा शहरातल्या शाखेत जायची वेळ आली तर विमानाने जा, आणि रस्त्याने जायचंच झालं तर टोल रस्त्याने, फक्त दिवसा.

वेळेचा नियम साधा: अंधार पडायच्या आत पुलाच्या अलीकडे. पुलावरची रांग तास-दोन तासांची असू शकते, म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी कारखाना सोडायला हवा. डिसेंबरात हे दुपारी तीनला येतं. मीटिंगच्या वेळा त्याप्रमाणे लावून घ्या. रात्रपाळीची पाहणी असेल तर कंपनीची गाडी हवीच. स्वतःची गाडी नेत असाल तर तिच्यासाठी मेक्सिकोचा वेगळा विमा काढा, अमेरिकन पॉलिसी तिथे चालत नाही. मोठे पिकअप ट्रक चोरांच्या आवडीचे, साधी जुनाट सेडान उत्तम. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

रोज जाणाऱ्यांसाठी जलद मार्गिकेचं सेंट्री कार्ड असतं. वेळ खूप वाचतो, पण त्याबरोबर एक धोका येतो जो बाहेरच्यांना ठाऊक नसतो. कार्डधारकांच्या गाड्यांची झडती कमी होते, आणि त्या रोज त्याच वेळी त्याच जागी उभ्या असतात. २०११ मध्ये उघड झालं की तस्कर अशा गाड्या हेरून त्यांच्या क्रमांकावरून नकली किल्ल्या बनवत, मालकाच्या नकळत डिकीत गांजाच्या बॅगा टाकत आणि पुलापलीकडे काढून घेत. हुआरेझमध्ये राहून एल पासोत शिकवणारी एक शिक्षिका यात पकडली गेली आणि निर्दोष असूनही काही आठवडे तुरुंगात राहिली. गाडीखाली चुंबकाने पाकिटं चिकटवण्याचे प्रकारही होतात. म्हणून कारखान्यातून निघताना दर वेळी दोन मिनिटं द्या: डिकी उघडा, स्टेपनीची जागा बघा, चारही मडगार्डच्या आत हात फिरवा, मोबाइलचा टॉर्च लावून बंपरखाली नजर टाका. गाडी पहाऱ्यातल्या आवारातच लावा, जागा बदलत राहा. काही सापडलं तर हात लावू नका, पुलाकडे जाऊ नका. कारखान्याच्या सुरक्षा प्रमुखाला आणि कंपनीच्या वकिलाला बोलवा. याच कार्डाबद्दल आणखी एक: परतताना बॅगेतलं एक न सांगितलेलं फळसुद्धा कार्ड रद्द व्हायला पुरतं. डब्यातलं केळं तिथेच संपवा.

गाडीत काय नसावं याकडे विशेष लक्ष द्या. मेक्सिकोत विनापरवाना शस्त्र किंवा काडतूस नेणं हा गंभीर गुन्हा आहे, अगदी एक काडतूस सापडलं तरी अटक होऊ शकते. टेक्सासमध्ये जुनी गाडी घेतलीत तर पहिल्यांदा पलीकडे नेण्याआधी सीटखाली, डॅशबोर्डच्या कप्प्यात, सीटच्या रुळांत आणि स्टेपनीच्या खड्ड्यात शोधा. आधीच्या मालकाचं घरंगळलेलं काडतूस ही इथे खरोखर घडणारी गोष्ट आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारं स्यूडोएफेड्रिन मेक्सिकोत बंद आहे, म्हणून प्रवासी औषधांची पिशवी घरी ठेवा. ई-सिगारेटही नको.

वाईट दिवस कसा दिसतो ते सांगतो. ११ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी हुआरेझच्या तिसऱ्या क्रमांकाच्या तुरुंगात दोन टोळ्यांत मारामारी झाली आणि काही तासांत शहरभर दुकानांवर हल्ले, जाळपोळ सुरू झाली. अकरा माणसं मेली, त्यांत एका रेडिओ केंद्राचे चार कर्मचारी होते. हल्ले वाटेल त्याच्यावर होते, म्हणजे 'आपला काय संबंध' हा आधार त्या संध्याकाळी नव्हता. त्याच तुरुंगावर १ जानेवारी २०२३ ला हल्ला होऊन सतरा जण गेले आणि कैदी पळाले. यातून आम्ही जे धडे नियमांत घातले ते असे: तुरुंगात दंगल, मोठ्या म्होरक्याला अटक, रस्त्यावर जाळलेली वाहनं किंवा वकिलातीची सुरक्षा सूचना, यांपैकी काहीही झालं की नवं कोणी पलीकडे जात नाही. जे आधीच कारखान्यात आहेत ते तिथेच थांबतात. घाईने पुलाकडे निघणं ही सर्वांत मोठी चूक, कारण अशा वेळी रस्ताच धोक्याचा असतो आणि कारखान्याला भिंत, फाटक, पहारा असतो. म्हणून कारखान्यातल्या कपाटात कपड्यांचा एक जोड, नेहमीची औषधं, चार्जर आणि सुका खाऊ ठेवा. रात्र तिथे काढावी लागू शकते हे घरी आधीच सांगून ठेवा.

रस्त्यात कोणी गाडी मागितली तर द्या. हात दिसतील असे ठेवा, सीटचा पट्टा सोडताना 'पट्टा सोडतोय' असं स्पॅनिशमध्ये बोलून सोडा. ते स्पॅनिश वाक्य पाठ करून घ्या. लष्कराच्या नाक्यावर वेग आधीच कमी करा, काच खाली, आतला दिवा चालू. आपत्कालीन क्रमांक दोन्ही देशांत ९११ च आहे, पण नदीजवळ फोन कुठल्याही बाजूचा टॉवर पकडू शकतो, म्हणून पहिल्या वाक्यात तुम्ही कुठल्या शहरात आहात ते सांगा.

आणि एक फसवणूक घरी बसलेल्यांसाठी. फोन येतो, मागे मूल रडतंय, 'तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, फोन ठेवू नका, पैसे पाठवा.' बहुतेक वेळा मूल शाळेत सुखरूप असतं. पत्नीने मुलाचं नाव आपणहून उच्चारायचं नाही, बोलणं लांबवायचं, दुसऱ्या फोनवरून शाळेला आणि पोलिसांना कळवायचं. घरातला एक गुप्त शब्द ठरवून ठेवा, जो खरंच अडकलेलं मूल सांगू शकेल; मराठी शब्द असेल तर उत्तमच.

कोणी जाऊ नये, तेही सांगतो. तुमच्या कामात भंगार, वाहतूक किंवा सुरक्षेची कंत्राटं देणं-तोडणं येत असेल, पगाराची रोकड हाताळणं येत असेल, चोरी करणाऱ्या कामगारांना काढण्याचा निर्णय तुमच्या सहीने जाणार असेल, तर धोका इंजिनिअरच्या कितीतरी पट वाढतो, कारण तेव्हा कोणालातरी खास तुमच्यावर राग असतो. ती कामं स्थानिक व्यवस्थापनाकडे किंवा मुख्यालयाकडे राहतील हे नियुक्तिपत्रात घालून घ्या. फक्त तांत्रिक काम, दिवसाची वेळ, कंपनीची गाडी आणि मुख्य रस्त्यावरचा कारखाना असेल, तर मी तुम्हाला जा म्हणेन.

एल पासोत स्थिरावायला जे पहिले आठवडे मिळतील त्यांत एकदा दिवसाढवळ्या, एखाद्या मेक्सिकन सहकाऱ्याबरोबर, कारखान्यापर्यंतचा रस्ता जाऊन-येऊन करा आणि परतीच्या रांगेला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. कंपनीकडून औद्योगिक वसाहतीचं नाव आणि शिफ्टच्या वेळा कळल्या की इथेच कळवा. कोणता पूल घ्यायचा आणि किती वाजता निघायचं ते त्यावरून नेमकं सांगता येईल.